खाट आणि खाडा



आजच्या व्याख्यानाचे नाव मी कळविले तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विचारले, "विषय तर इस्पितळातील बाळंतपणाच्या इतिहासाचा, त्यात खाट आली हे समजले, पण हा खाडा मध्येच कोठून आला?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच माझे आजचे व्याख्यान आहे.

खाडा हा गिरणगावातला शब्द. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. खाडे वाढले की मुकादमाची मर्जी गेली, आणि मुकादमाची मर्जी गेली की नोकरी गेली. मी कॉलेजात इतिहास शिकलेलो नाही. संघटनेच्या कचेरीत बसून रजेचे अर्ज लिहिणे, मस्टरचे उतारे काढणे, जुन्या कायद्यांची कलमे शोधणे, हे करता करता मला इतिहास वाचण्याची गोडी लागली. त्यामुळे माझ्या वाचनाला हाजरीपुस्तकाचा वास येतो, तो आपण गोड करून घ्यावा.

इस्पितळांचा इतिहास आपण बहुधा दोन प्रकारांनी ऐकतो. एक, कोणत्या दानशूर शेठजींनी किती रुपये दिले. दुसरा, कोणत्या डॉक्टरांनी कोणती शस्त्रक्रिया प्रथम केली. हे दोन्ही इतिहास खरे आहेत आणि त्यांचा आदरच केला पाहिजे. परंतु जी बाई त्या खाटेवर येऊन निजली, ती तेथपर्यंत कशी पोचली, आणि किती दिवस निजू शकली, हा तिसरा इतिहास आहे. तो मुंबईपुरता सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: बाळंतिणीला खाट पाहिजे आणि खाड्याची भरपाईही पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय सार्वजनिक इस्पितळाचे दार गरीब बाईला पुरते उघडत नाही.

प्रथम, खाट नव्हती तेव्हा काय होते ते पाहू. मुंबईत गिरण्या निघाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे पोटासाठी आली. गेल्या शतकात १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. त्या बहुतेक रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत काम करीत, आणि त्यांच्यावर नायकीण असे. या बायांची बाळंतपणे कोठे होत? काही जणी दिवस भरत आले की बोटीने कोकणात माहेरी जात. आपण म्हणतो, पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीतच आहे. रीत खरी. पण चौथ्या-पाचव्या खेपेलाही बाई गावी जाई, ती केवळ रीत म्हणून जात नसे. चाळीतल्या खोलीत जागाच नसे.

ती जागा कशी होती याचा एक सरकारी पुरावा आहे. १९२१ साली मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या, विशेषतः त्यांच्या बाळंतपणाच्या, परिस्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. सप्टेंबर १९२२ च्या 'लेबर गॅझेट'मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. त्यात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीचे वर्णन आहे. खोली १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद. तीत सहा कुटुंबे. जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली होत्या, त्यावरून कुटुंबे मोजता आली. लहान-मोठी मिळून माणसे ३०. त्या खोलीतील सहा बायांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाच्या वेळी आडोसा कसा करणार, असे डॉक्टरांनी बरोबरच्या नर्सला विचारले. तेव्हा तिने ३ फूट बाय ४ फुटांची एक जागा दाखविली. तेवढ्या जागेला पडदा लावावयाचा आणि त्यामागे बाई बाळंत व्हावयाची. सहा चुलींचा धूर मात्र पडद्याने अडत नसे.

त्याच पाहणीत दुसरी एक गोष्ट आढळली. कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. तिला बाळगोळी म्हणत. आज हे ऐकून आपल्या अंगावर शहारा येतो आणि त्या आयांच्या अडाणीपणाची कीव करावीशी वाटते. पण जरा हिशेब करा. बाई सकाळच्या भोंग्याला गिरणीत जाणार, ती संध्याकाळी परत येणार. बाळ घरी एखाद्या म्हातारीपाशी किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीपाशी राहणार. अंगावरचे दूध दिवसभर मिळणार नाही. मग ते रडणार. ते रडू नये, झोपून राहावे, म्हणून ती गोळी. अफूचे ते व्यसन आईच्या खाड्याच्या भीतीतून जन्मले होते.

याचा परिणाम मृत्यूच्या आकड्यांत दिसतो. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६६६ मुले वर्षाच्या आत दगावली, अशी नोंद आहे. एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्यांत हा आकडा हजारी ८२८ होता, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत तो १३३ होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या बाया गावी जाऊन बाळंत होत, त्यांच्या मुलांचा जन्म मुंबईच्या दप्तरात नोंदला जात नसे. पण तेच मूल मुंबईस आणल्यावर दगावले तर मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. म्हणून हे आकडे फुगलेले आहेत, असे मानणेच योग्य. तथापि ८२८ आणि १३३ यांच्यामधली दरी केवळ नोंदीच्या चुकीने पडत नाही. ती खोल्यांच्या संख्येने पडते, आणि खोल्या मजुरीवर अवलंबून असतात.

आता खाटेकडे वळू. मुंबईत स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांनी चालविलेले मोठे इस्पितळ म्हणजे कामा इस्पितळ. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली, सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभारण्याचे काम केले, आणि १८८६ साली इस्पितळ सुरू झाले. तेथे आलेल्या डॉ. एडिथ पीची या एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकीच्या प्रवेशासाठी झगडलेल्या सात जणींपैकी एक. आपल्या डॉ. रखमाबाईंना वैद्यकीच्या शिक्षणासाठी विलायतेस जाण्यात त्यांचे मोठे साहाय्य झाले. त्याच १८८६ साली कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा-बारा दिवसांत गमावलेली ही मुलगी. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. १८८७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. त्यांना स्वदेशात एकही रुग्ण तपासता आला नाही, ही आपल्या इतिहासातील फार मोठी हानी होय.

त्या पिढीतील सुधारकांना वाटे की, स्त्रियांच्या इस्पितळात येण्याआड मुख्य अडचण लाजेची आहे. पुरुष डॉक्टरच्या हाती जावयाचे नाही, म्हणून बाया घरीच मरतात. यात पुष्कळ तथ्य होते, आणि स्त्री-डॉक्टर आल्यावर ती अडचण बरीच दूर झाली. दुसरी अडचण भीतीची. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, असे आपल्या आज्या म्हणत. त्यांना आपण हसतो. पण ही भीती अगदीच निराधार नव्हती. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळाची गोष्ट याबाबत सांगण्यासारखी आहे. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरातील ११ हून अधिक बाळंतिणी मेल्या. सुइणींच्या विभागात ३ हून कमी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात भरती होते हे गरीब बायांना ठाऊक असे, आणि पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गयावया करीत. काही जणी तर वाटेतच बाळंत होणे पत्करीत. डॉ. झेमेलवाइस यांनी १८४७ साली शोधून काढले की, प्रेते फाडून आलेले विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात आणि तोच विषार आत जातो. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्यांनी केला तेव्हा मृत्यू झपाट्याने खाली आले. त्यांचे म्हणणे त्या वेळच्या पुष्कळ नामांकित डॉक्टरांनी मानले नाही. या कथेतून मी एवढेच घेतो की, कोणता विभाग माणसे मारतो हे त्या अशिक्षित बायांना आधीच माहीत होते. त्यांना विचारण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते.

लाज आणि भीती या दोन अडचणी झाल्या. तिसरी अडचण खाड्याची. ती सुधारकांच्या फारशी ध्यानात आली नाही, कारण ज्यांच्या घरातील स्त्रिया मजुरीस जात नाहीत त्यांना ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

१९२६ हे साल परळच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी के. ई. एम. इस्पितळ उघडले, आणि त्याच वर्षी परळलाच नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. गिरणीमालक नवरोसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलांनी, सर नेस आणि सर कसरो यांनी, ते बांधविले. गिरण्यांच्या वस्तीतच ते असल्याने कामगार बायांची फार मोठी सोय झाली. आजवर तेथे जन्मलेल्यांची गणती लाखांत करावी लागेल. या सभागृहातही त्यांतले कोणी बसलेले असतील. कामगार संघटनेचा माणूस गिरणीमालकाचे उपकार मानतो आहे, याचे कोणाला नवल वाटेल. पण जे चांगले झाले ते चांगलेच म्हटले पाहिजे.

तरीही दानाला एक मर्यादा असते. खाट फुकट होती, पण खाडा फुकट नव्हता. इस्पितळात आठ-दहा दिवस राहावयाचे, त्याआधी थोडा विसावा, नंतर थोडा विसावा, असे महिना-दीड महिना कामावर न गेल्यास घरात एक मजुरी कमी येणार. वाण्याची उधारी वाढणार, पठाणाचे व्याज वाढणार. शिवाय परत गेल्यावर नायकीण जागा ठेवील याची शाश्वती नाही. ठेवलीच तर तिला काही द्यावे लागणार. म्हणून बाई पोटात कळा सुरू होईपर्यंत रिळावर उभी राही आणि अंगात त्राण येण्याआधी परत येई.

आता हा खाडा भरून कोणी द्यावयाचा, या प्रश्नाचा इतिहास पाहू. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने ठराव केला की, कामगार स्त्रीला बाळंतपणापूर्वी सहा आणि नंतर सहा आठवडे रजा आणि निर्वाहापुरते पैसे मिळाले पाहिजेत. त्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. हिंदुस्थान सरकारने तो करार स्वीकारला नाही. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात स्वतःच विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मग तोच प्रश्न मुंबई कायदे कौन्सिलात रा. सं. आसवले यांनी विधेयकाच्या रूपाने आणला. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला.

त्या दिवशी मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप एप्रिलात सुरू झाला होता आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. म्हणजे ज्या बायांच्या विसाव्याची चर्चा कौन्सिलात चालली होती, त्या त्या वेळी चुलीत काय घालावयाचे याच्या विवंचनेत होत्या.

विधेयकाविरुद्ध मुख्य आक्षेप दोन होते. एक, हा खर्च सरकारने करावा, मालकावर का टाकता? दुसरा, एकट्या मुंबई इलाख्यात असा कायदा केला तर येथील धंद्याला इतर प्रांतांशी स्पर्धा जड जाईल. बाबासाहेबांच्या भाषणातील युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. आईला बाळंतपणापूर्वी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलीत नाही तोवर मालकाने द्यावे यात अन्याय नाही, असे ते म्हणाले. कारण मालक बायांना कामावर ठेवतो तो पुरुषांपेक्षा त्यांच्याकडून त्याला अधिक फायदा होतो म्हणून. जो फायदा घेतो त्याने काही भार सोसावा, हे सरळ आहे.

१९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिला. सहा महिने नोकरी झालेल्या बाईला दिवसाला आठ आणे, बाळंतपणापूर्वी तीन आणि नंतर चार, असे सात आठवड्यांपर्यंत मिळू लागले. बाळंतपणानंतर चार आठवडे तिला कामावर ठेवण्यास बंदी झाली. आठ आणे ही रक्कम मोठी नव्हती. पण खाड्याला प्रथमच किंमत आली. खाडा म्हणजे बाईचा अपराध, हा समज तेथे प्रथम मोडला.

मात्र इतिहास येथे थांबत नाही. कायदा झाल्यावर पळवाटाही निघाल्या. पोट दिसू लागले की कामावरून कमी करावयाचे, लग्न झालेल्या बाईला घ्यावयाचेच नाही, पात्रतेची मुदत भरण्याआधी नाव काढावयाचे. अशा युक्त्यांची नोंद १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या रेगे समितीच्या चौकशीतही झाली आहे. गिरण्यांतील बायांचे प्रमाणही पुढे घटत गेले. पन्नास वर्षांत ते शंभरात दहाच्याही खाली आले. काही विद्वान म्हणतात की, बाळंतपणाच्या कायद्यानेच बायांची नोकरी घालविली. मला ते पुरते पटत नाही. नवी यंत्रे आली, रिळाचे काम कमी झाले, रात्रपाळ्या सुरू झाल्या आणि स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती. ही कारणे मोठी होती. पण ज्याच्याकडे बाई नोकरीस, त्यानेच सर्व पैसे द्यावयाचे, अशी रचना असली की बाईला न ठेवण्यातच मालकाचा फायदा होतो, हे नाकारता येत नाही. बाबासाहेबांनी सरकारच्या भाराचा मुद्दा मांडला होता, त्याचे महत्त्व येथे कळते.

यावरचा शहाणपणाचा उपाय म्हणजे सर्व मालकांनी आणि कामगारांनी वर्गणी भरून एक निधी करावयाचा आणि त्यातून बाळंतिणीला द्यावयाचे. मग अमुक कारखान्यात किती बाया गरोदर आहेत याच्याशी मालकाला कर्तव्य उरत नाही. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हेच केले. मुंबईत ही योजना १९५४ पासून लागू झाली. १९५२ च्या आंतरराष्ट्रीय करारातही एकेकट्या मालकावर हा खर्च टाकू नये असेच सांगितले आहे. पण १९६१ चा देशव्यापी प्रसूति लाभ कायदा विमा योजनेबाहेरच्या बायांसाठी पुन्हा मालकाच्याच खिशावर उभा राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच ठेवली आहे. रजा वाढली याचा आनंदच आहे. पण ती कोणाला मिळते, हे पाहिले पाहिजे. येथे मला दोन अनुभव सांगितले पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी एक गवंडी आमच्या कचेरीत आला. त्याची बायको एका मोठ्या सार्वजनिक इस्पितळात बाळंत झाली होती. मुलगा झाला म्हणून आयाबाईंनी ५०० रुपये घेतल्याशिवाय मूल दाखविले नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मुलगी झाली, तिच्याकडून ३०० घेतले. तो म्हणाला, "साहेब, तुमच्याच युनियनच्या बाया आहेत." ते खरे होते. मी सभा बोलाविली आणि विषय काढला. कोणी बोलेना. शेवटी एक वयस्क आया उठली आणि म्हणाली, "भाऊ, खाटा चाळीस आणि बाया साठ. रात्री आम्ही दोघी. एका खाटेवर दोघी निजवतो, बाकीच्यांना खाली गादी घालून देतो. रिकाम्या जागा भरा म्हणून तुम्ही किती अर्ज दिलेत, काय झाले? आणि मीही गरीबच आहे." मी म्हटले, "ताई, तुमचे सगळे खरे. पण ज्याने पैसे दिले तो तुमच्याहून गरीब होता." त्यावर ती खाली बसली. त्या सभेत दोन ठराव झाले: पैसे मागावयाचे नाहीत, आणि रात्रपाळीच्या जागा भरेपर्यंत मागणी सोडावयाची नाही. पैसे घेणे पूर्ण बंद झाले असे मी म्हणणार नाही, कमी झाले. जागाही सर्व भरल्या नाहीत, काही भरल्या. वॉर्डात बाईवर कोणी खेकसले की आपण नर्सला दोष देतो. खेकसणे वाईटच. पण रात्री साठ बाळंतिणींमागे किती हात आहेत, हेही मोजावयास शिकले पाहिजे.

दुसरा अनुभव. अशाच एका सार्वजनिक इस्पितळात एक बाई कंत्राटदाराकडून सफाईस होती. बाळंतिणींच्याच वॉर्डाची लादी ती पुसत असे. तिचे दिवस भरले तेव्हा ती त्याच वॉर्डात बाळंत झाली आणि अकराव्या दिवशी त्याच वॉर्डात फडके घेऊन उभी राहिली. आयाबायांनी तिला बसवून ठेवले आणि मला निरोप पाठविला. मी विचारले, "बाई, इतक्या लवकर का आलीस?" ती म्हणाली, "भाऊ, खाडे झाले तर मुकादम दुसरी लावतो." कायद्याने वर्षात ८० दिवस काम झाले की हक्क मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या प्रकरणात निकाल दिला आहे की, कायम नोकरी नाही म्हणून हा हक्क नाकारता येणार नाही. पण कंत्राटदाराच्या मस्टरवर तिचे नाव तीन महिने माहेरचे होते आणि पुढे सासरचे. म्हणजे कागदावर त्या दोन निराळ्या बाया होत्या! त्या दोघी एकच आहेत हे सिद्ध करता करता चौदा महिने गेले. बाळंतपणाचे पैसे तिच्या हाती पडले तेव्हा मूल चालू लागले होते.

गिरण्या गेल्या, पण खाडा हा शब्द गेला नाही. ऊसतोडीच्या फडात तो आजही ऐकू येतो, आणि तेथे तर खाडा पडला की मजुरी बुडून वर दंड बसतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यामागे कारणे अनेक आहेत. पण अंगावर जात असताना, दुखत असताना विसावा घेता येत नाही, हे त्यातले एक मोठे कारण आहे, असे त्या बायाच सांगतात. त्यांनाही विचारण्याचे आपल्याला फार उशिरा सुचले.

आता जमाखर्च मांडून मी संपवितो. जमेची बाजू मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शेकडा ९४.७ बाळंतपणे इस्पितळात झाल्याचे आढळले. २०२० साली राज्यातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. ज्या शहरात ३ बाय ४ फुटांच्या आडोशामागे बाया बाळंत होत, तेथून आपण शंभर वर्षांत येथवर आलो. डॉक्टर, नर्सेस, सुइणी, आया, दाते आणि कायदे करणारे, सर्वांचे हे काम आहे. खाट बऱ्याच अंशी मिळाली. ती आता एकीला एक मिळावी आणि तिच्याजवळ पुरेसे हात असावेत, एवढे काम उरले आहे.

खर्चाच्या बाजूला खाडा अजून तसाच आहे. कारखान्यातील आणि कचेरीतील बाईला २६ आठवडे. बांधकामावरील, शेतावरील, कंत्राटावरील बाईला कागदावर हक्क आणि हातात फार थोडे. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये मिळतात. ते मिळावेतच, पण सहा महिन्यांची मजुरी त्यातून भरून येत नाही. १९२८ साली जो प्रश्न विचारला गेला, की हा भार कोणी उचलावा, त्याचे उत्तर सर्व बायांपुरते अजून द्यावयाचे राहिले आहे. माझ्या मते ते सर्वांच्या वर्गणीचा निधी हेच आहे.

पण निधी होईल तेव्हा होईल. आज येथे बसलेल्या आपल्यापुरते मी एक विचारतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुण्याभांड्यांना बाई येते. तिला दिवस गेले आणि सातवा-आठवा महिना लागला, की आपण तिला काय म्हणतो? "तुझ्याजागी बदली बाई दे, आणि बरी झालीस की ये." बदली हाही गिरणीतलाच शब्द आहे. तिचा त्या महिन्यांचा पगार आपण चालू ठेवतो का? चार घरे मिळून ठेवला तर एकेका घरावर फार थोडा भार येतो. बदली बाईचा पगार निराळा द्यावा लागेल, हे खरे. गिरणीमालकांनाही तोच हिशेब जड गेला होता. बाबासाहेबांनी त्यांना जे सांगितले ते आपल्यालाही लागू आहे, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.